दार आधी उघडण्यासाठी असतं

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलेल्या माणसाला टॅक्सीचे पैसे वाचवायचे असले, तर तो एअरट्रेन पकडून शहरातल्याच जमैका या भागात येतो. तिथे जिना उतरला की सटफिन बुलेव्हार्ड–आर्चर ॲव्हेन्यू हे सबवेचं स्थानक लागतं. भारतातून पहिल्यांदा आलेल्या कितीतरी जणांची या शहराच्या भुयारी रेल्वेशी ओळख इथेच होते. हातात तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, अंगात सोळा-सतरा तासांच्या प्रवासाचा शीण आणि, २०२३ पर्यंत तरी, समोर टर्नस्टाइल. तीन पोलादी दांड्यांचं ते फिरतं यंत्र एका वेळी एकाच माणसाला आत सोडतं, तेही तो सडाफटिंग असला तर. पैसे भरून दांडा ढकलला, की माणूस आत आणि बॅगा बाहेर. मग त्या दांड्याखालून सरकवायच्या, नाहीतर वरून उचलून घ्यायच्या.

तेवढ्यात आतून कुणीतरी येतं. शेजारच्या जाळीतल्या दाराचा आडवा दांडा दाबतं, दार सताड उघडतं आणि बाहेर अडलेल्या एखाद्या बाईंनी बॅगांसकट आत यावं म्हणून ते धरून ठेवतं. बाई आत येतात. त्यांच्या मागोमाग, एक पैसाही न भरता, आणखी चार जण येतात.

न्यूयॉर्कच्या सबवेत आज बसवल्या जात असलेल्या नव्या गेटांची गोष्ट या एका दारात सामावलेली आहे. ४७२ स्थानकांच्या या जाळ्यात २०२५ ते २०२९ या पाच वर्षांच्या आराखड्यानुसार १५० स्थानकांवर नवी गेट बसायची आहेत आणि त्यासाठी १.१ अब्ज डॉलर बाजूला काढले आहेत. बातम्यांमध्ये हा खर्च फुकट्यांच्या बंदोबस्ताचा म्हणून येतो. हा अर्थ अपुरा आहे, असं माझं मत आहे. भाडं वसूल करणाऱ्या दाराचं पहिलं काम भाडं भरणाऱ्याला आत घेणं हे असतं. ज्या दाराला हे नीट जमत नाही, त्याला दुसरं काम, म्हणजे न भरणाऱ्याला अडवणं, फार काळ जमत नाही. न्यूयॉर्कचा सव्वाशे वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

निकेल, टोकन, कार्ड

२७ ऑक्टोबर १९०४ या दिवशी न्यूयॉर्कची सबवे सुरू झाली, तेव्हा भाडं होतं पाच सेंट, म्हणजे एक निकेल. खिडकीवर निकेल द्यायचा, कागदी तिकीट घ्यायचं आणि ते आत जाताना दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यासमोरच्या पेटीत टाकायचं. तिकीट पेटीत पडलं की तो दांडा हलवून त्याचे तुकडे करायचा. पहिल्याच रात्री लाखाहून अधिक लोक या वाटेने आत गेले. दाराशी माणूस होता, त्यामुळे लहान मूल कडेवर असलेल्या बाईला कसं सोडायचं, ओझंवाल्याला कसं सोडायचं, हे तो बघून ठरवत असे.

१९२० च्या दशकात नाण्यावर चालणारी टर्नस्टाइल आली आणि दारावरची ही माणसं कमी होत गेली. नाणं टाका, दांडा फिरवा, आत जा. सबवे चालवणाऱ्या कंपन्यांचा पगारखर्च वाचला. पण दारावर नजर ठेवणारं, माणूस पाहून निर्णय घेणारं कुणी उरलं नाही. निकेलचं भाडं राजकारण्यांनी १९४८ पर्यंत हट्टाने टिकवलं. त्या वर्षी ते दहा सेंट झालं. दहा सेंटचं एक नाणं असतं, म्हणून निभावलं. १९५३ मध्ये भाडं पंधरा सेंट करायची वेळ आली तेव्हा पेच पडला, कारण पंधरा सेंटचं नाणंच नाही आणि यंत्राला दोन वेगवेगळी नाणी घेता येत नाहीत. त्यातून सबवेचं प्रसिद्ध टोकन जन्माला आलं. ते पुढे पन्नास वर्षं चाललं.

टोकनाबरोबर टोकनाच्या युक्त्याही आल्या. चोर यंत्राच्या फटीत कागदाचा बोळा कोंबून ठेवत. प्रवाशाचं टोकन मध्येच अडकलं, दांडा फिरला नाही आणि तो वैतागून दुसरीकडे गेला, की चोर फटीला तोंड लावून टोकन ओढून घेई. हा किळसवाणा उद्योग थांबवण्यासाठी काही कर्मचारी त्या फटींवर चक्क तिखट भुरभुरत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक भानगड निघाली. शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या महामार्गाच्या टोलसाठी साडेसतरा सेंटला मिळणारं टोकन न्यूयॉर्कच्या यंत्रात बिनबोभाट चालायचं. सबवेचं टोकन त्याच्या कितीतरी पट महाग होतं. लोकांनी टोलची टोकनं थैल्या भरभरून आणली. १९८५ मध्ये कनेटिकटने त्या महामार्गावरचा टोलच बंद केला, तेव्हा ही बाब मिटली.

१९९४ मध्ये मेट्रोकार्ड आलं आणि २००३ मध्ये टोकन गेलं. पिवळ्या-निळ्या मेट्रोकार्डाची काळी चुंबकीय पट्टी खाचेतून एका ठरावीक वेगाने ओढावी लागे. वेग चुकला की छोट्या पडद्यावर ‘पुन्हा ओढा’ अशी सूचना. रोज जाणाऱ्यांच्या मनगटात तो वेग भिनलेला होता, नवख्याची मात्र मागच्या रांगेसमोर परीक्षा होई. २०१६ च्या निवडणुकीच्या प्रचारात हिलरी क्लिंटन यांना ब्रॉन्क्समधल्या स्थानकावर पाच वेळा कार्ड ओढावं लागलं आणि ते सगळ्या वाहिन्यांवर दिसलं. २०१९ पासून ओम्नी आली. बँकेचं कार्ड किंवा फोन यंत्रासमोर धरला की झालं. २०२५ संपता संपता मेट्रोकार्डाची विक्री थांबली.

शंभर वर्षांत पैसे घेण्याची पद्धत चारदा बदलली. पैसे घेतल्यावर माणसाला आत सोडणारा तो तीन दांड्यांचा अडसर मात्र जवळजवळ तसाच राहिला.

आपत्कालीन दार

हे दार जवळून पाहण्यासारखं आहे. टर्नस्टाइलच्या रांगेला लागून पोलादी गजांचं, माणसाच्या डोक्याहून उंच. आतल्या बाजूला कंबरेच्या उंचीवर आडवा दांडा, अंगाचा भार टाकला तरी उघडेल असा. बाहेरून उघडायची सोय नाही. त्यावर लिहिलेलं असतं की हे फक्त आपत्कालीन वापरासाठी आहे, उघडल्यास भोंगा वाजेल. भोंगा पूर्वी खरंच वाजायचा. दिवसभर तो इतका वाजायचा की प्रवाशांचे कान किटले आणि शेवटी २०१४ च्या सुमारास तो बंद करण्यात आला.

लोक हे दार का उघडत? एक कारण भाड्याच्या रचनेत आहे. न्यूयॉर्कमध्ये कितीही लांब जा, भाडं एकच. म्हणून पैसे फक्त आत शिरताना भरायचे, बाहेर पडताना काही दाखवायचं नाही. मुंबई-पुण्याच्या मेट्रोत अंतराप्रमाणे भाडं असल्यामुळे बाहेर पडतानाही क्यूआर कोड दाखवावा लागतो. न्यूयॉर्कच्या प्रवाशाला बाहेर पडताना कुठल्याच यंत्राशी देणंघेणं नसतं. गाडी आली की तीनशे माणसं एकदम जिन्याकडे सुटतात, टर्नस्टाइलमधून एकेक करून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि शेजारी एवढं मोठं दार असतं. पहिला माणूस ते ढकलतो आणि त्याच्यामागून सगळी गर्दी जाते. बाहेर वाट पाहणारे त्याच उघड्या दारातून उलटे आत शिरतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाबागाडी, सायकल, बाजाराची ढकलगाडी, मोठी बॅग यांना टर्नस्टाइलमधून वाटच नाही. अमेरिकेच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्यानुसार दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच लागते. टर्नस्टाइलची वाट त्याहून बरीच अरुंद आहे. त्यामुळे प्रामाणिकपणे भाडं भरणाऱ्या आईनेही आधी कार्ड लावायचं, रिकामा दांडा फिरवायचा आणि मग कुणीतरी ते दुसरं दार उघडेपर्यंत थांबायचं, अशी रीत पडली. जे दार कायद्याने बंद असायला हवं, ते उघडायची सवय शहरानेच आपल्या सर्वांत अडलेल्या प्रवाशांना लावली. त्यांच्यासाठी उघडलेलं दार मग सगळ्यांसाठीच उघडं झालं.

न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाने, म्हणजे एमटीएने, नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मे २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यात २०२२ या एका वर्षात बुडालेली रक्कम ६९ कोटी डॉलर सांगितली होती. सबवेचा वाटा होता २८.५ कोटी, आणि सबवेतल्या बुडवेगिरीची सर्वांत मोठी वाट म्हणून समितीने याच आपत्कालीन दाराकडे बोट दाखवलं. बसचा वाटा त्याहून मोठा, ३१.५ कोटी. बसला गेट नसतं, ही गोष्ट पुढेही लक्षात ठेवायला हवी.

मग या दाराला कुलूप का नाही लावत? या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कमध्येच, ग्रीनिच व्हिलेजच्या एका इमारतीत आहे. २५ मार्च १९११ रोजी तिथल्या ट्रायँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरच्या जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. कामगार मुली माल चोरून नेतील, अशी मालकांना भीती होती. १४६ जण मेले. बहुतेक तरुण मुली, इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या घरातल्या. अनेकींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. अमेरिकेचे आगीपासून बचावाचे आणि कामगार सुरक्षेचे कायदे या घटनेनंतर बदलले. चोरीच्या धास्तीने लावलेल्या कुलपाची किंमत काय असते, हे ज्या शहराने इतकं भोगून पाहिलं, तिथे भुयारातलं बाहेर पडायचं दार कुलूपबंद करता येत नाही. करूही नये. काही स्थानकांवर आता दांडा दाबल्यावर पंधरा सेकंदांनी दार उघडतं. नियमांत बसणारी एवढीच सवड आहे.

नवं गेट काय करतं

सटफिन बुलेव्हार्डवर डिसेंबर २०२३ मध्ये रुंद वाटेची नवी गेट चाचणीसाठी बसवली गेली. दांडे गेले, त्यांच्या जागी पारदर्शक झडपा आल्या. पैसे भरले की त्या उघडतात, माणूस पुढे गेला की मिटतात. काही दिवसांतच एकाने शोधून काढलं की वरून हात घालून आतल्या बाजूच्या सेन्सरसमोर हलवला की झडपा उघडतात, कारण यंत्राला वाटतं कुणीतरी बाहेर पडतंय. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि लाखो डॉलरची ही गेट एका हाताने हरली, अशी टीका झाली.

ती टीका खरी होती, पण तिने एक गोष्ट झाकली. टर्नस्टाइल हे ओझ्याशिवाय चालणाऱ्या, धडधाकट, मध्यम बांध्याच्या माणसासाठी बनवलेलं यंत्र आहे. नव्या गेटची कल्पना उलट बाजूने सुरू होते. बॅग आणि व्हीलचेअर आत जाईल एवढी रुंदी आधी, मग तीत फुकट शिरणाऱ्याला कसं ओळखायचं हा प्रश्न. हे अवघड आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर सेन्सर असतात. आत येणारी आकृती एक माणूस आणि त्याची बॅग आहे की एकामागे एक चिकटलेली दोन माणसं, हे यंत्राने क्षणार्धात ठरवायचं. रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर झडप आपटता कामा नये. आग लागली किंवा वीज गेली तर सगळी गेट मोकळी व्हायला हवीत. आणि हे सगळं एका मिनिटात वीस-तीस माणसं जातील अशा वेगाने.

हे काम पुरतं करून दाखवलं ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट या रेल्वेने. १९७२ मध्ये सुरू झालेल्या बार्टच्या जुन्या गेटमध्ये कंबरेएवढ्या उंचीचे दोन केशरी त्रिकोण आत-बाहेर सरकत. त्यावरून उडी मारणं कुणालाही जमे. २०१९ मध्ये तिथे एक उपाय करून पाहिला होता. त्रिकोणांच्या वर आणखी त्रिकोण बसवले. रिचमंड स्थानकावरच्या त्या रचनेला लोकांनी उलटा गिलोटिन असं नाव ठेवलं, इतकी ती अंगावर येणारी होती. माणसाला इजा करेल असं दिसणारं दार लोकांना नको होतं, आणि ते पुढे कुठेच गेलं नाही.

मग नव्याने विचार झाला. सहा फूट उंच, पारदर्शक, मजबूत पॉलिकार्बोनेटच्या झडपा. वर त्रिमितीय सेन्सर, जे व्हीलचेअर, सायकल, बाबागाडी ओळखून झडपा उघड्या ठेवतात. पहिली गेट डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट ओकलंडला बसली. ऑगस्ट २०२५ पर्यंत सर्व ५० स्थानकांवरची ७१५ गेट बसून झाली, ठरल्या मुदतीच्या आधी. खर्च सुमारे नऊ कोटी डॉलर. यातून वर्षाला एक कोटी डॉलरच्या आसपास उत्पन्न वाढेल, असा बार्टचा अंदाज होता. त्याखेरीज आणखी एक फायदा झाला. स्थानकांतली मोडतोड आणि घाण कमी झाली, आणि दुरुस्तीवर जाणारे तास घटले. बार्टचं भाडं अंतरावर असल्यामुळे गेट दोन्ही बाजूंनी काम करतं, हाही त्यांना मिळालेला फायदा. न्यूयॉर्कला तो नाही.

पोलीस, गरिबी आणि तीन डॉलर

गेट येण्याआधी आणि येईपर्यंत शहरं एकच उपाय करत आली, तो म्हणजे माणसं उभी करणं. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये भाडं बुडवणाऱ्याला अटक करून हातकड्या घालण्याचं धोरण राबवलं गेलं. त्यातून काही शस्त्रं सापडली, काही फरारी सापडले, आणि या धोरणाचे समर्थक आजही ते आकडे सांगतात. पण पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते. काही डॉलरसाठी पोलिसांच्या दप्तरी नाव गेलं, की नोकरीच्या अर्जापासून परदेशी नागरिकाच्या व्हिसापर्यंत सगळीकडे ते आडवं येतं. २०१८ मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी असे बहुतेक खटले चालवणं थांबवलं.

१५ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रुकलिनच्या सटर ॲव्हेन्यू स्थानकावर भाडं न भरता गेलेल्या एका माणसामागे पोलीस गेले. त्याच्याकडे चाकू होता. झटापट झाली, गोळ्या झाडल्या गेल्या. तो माणूस, एक पोलीस आणि दोन प्रवासी जखमी झाले. त्या प्रवाशांपैकी एकाच्या डोक्याला गोळी लागली. भाडं होतं दोन डॉलर नव्वद सेंट. या घटनेत चूक कुणाची याची चर्चा बरीच झाली. मला त्यातून एवढंच दिसतं की भाडं वसूल करायचं काम शस्त्रधारी माणसाकडे दिलं, की छोट्या रकमेतून मोठा अनर्थ होऊ शकतो. उंच, नीट बनवलेलं गेट हा प्रसंगच उद्भवू देत नाही. ते कुणाचा रंग पाहत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. गेटच्या बाजूने देण्यासारखं माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे.

पण गेट निष्पक्ष असलं, तरी खिसे सारखे नसतात. जानेवारी २०२६ पासून भाडं तीन डॉलर झालं. दिवसाला दोन फेऱ्या, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दीडशे डॉलर. हॉटेलात भांडी घासणाऱ्याला हे जड जातात. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून फेअर फेअर्स नावाची योजना आहे. तीत कमी उत्पन्नाच्या लोकांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळतो. पण उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली ठेवलेली आहे की किमान वेतनावर पूर्णवेळ राबणारा माणूसही तिच्याबाहेर पडू शकतो. २०२३ च्या त्या समितीने ही मर्यादा वाढवून दारिद्र्यरेषेच्या दुप्पट करा, असं स्पष्ट सांगितलं होतं. समितीने चार उपाय एकत्र मांडले होते. लोकांना समजावणं, गरिबांना सवलत, स्थानकाची रचना बदलणं आणि शेवटी दंड. शहराने गेट उचललं, कारण गेट दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. सवलतीची मर्यादा वाढवणं हे त्याच अहवालातलं, तेवढंच महत्त्वाचं कलम आहे.

आपल्याकडे

मुंबईच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. आपल्या लोकलला गेट नाहीत. रोज सत्तर लाखांच्या घरात माणसं कुठल्याही यंत्राला न विचारता फलाटावर जातात, आणि तिकीट तपासायला टीसी असतो. गेट बसवावीत, ही सूचना अधूनमधून होते. ज्यांनी सकाळी नऊला दादरचा पूल ओलांडला आहे, त्यांना त्यातली अडचण सांगावी लागत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. तिथे कुणी दार बंद केलं नव्हतं, फक्त वाट अरुंद होती. आपल्या लोकलची पहिली गरज रुंद वाटेची आहे, आणि कोणत्याही गेटचा विचार त्यानंतरचा.

मेट्रोची गोष्ट वेगळी. वर्सोवा–घाटकोपर मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून मुंबईकर स्वयंचलित गेट वापरत आहेत, आणि आता भुयारी मेट्रोही कफ परेडपर्यंत धावते. आपली गेट नवी आहेत, झडपांची आहेत. न्यूयॉर्कची सव्वाशे वर्षांची अडचण आपल्याला वारशात मिळालेली नाही. पण गेटच्या रांगेत एखादंच रुंद असतं, आणि गर्दीत त्याच्यासमोर नेमके घाईतले, हात मोकळे असलेले प्रवासी उभे असतात. म्हाताऱ्या बाईचा फोन ऐन वेळी बंद पडून क्यूआर उघडत नाही, तेव्हा मदतीला गेटजवळ माणूस असेल का, हेही महत्त्वाचं आहे. वीस-तीस वर्षांनी ही यंत्रं जुनी होतील आणि बदलायची वेळ येईल. तेव्हा एकच रुंद गेट ठेवायचं की सगळीच रुंद करायची, हा निर्णय आपल्यालाही घ्यावा लागेल.

यश कशाने मोजायचं

न्यूयॉर्कची १५० स्थानकं पूर्ण होतील तेव्हा आकडे जाहीर होतील: फुकटे किती कमी झाले, किती डॉलर वाढले. २०२४ च्या मध्याला सबवेत भाडं न भरणाऱ्यांचं प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपास होतं. वर्ष संपेपर्यंत ते दहाच्या जवळ आलं, तेही बहुतेक स्थानकांवर जुनीच टर्नस्टाइल असताना. दारांना लावलेला विलंब, दारांशी उभे केलेले पहारेकरी आणि टर्नस्टाइलच्या दुरुस्त्या यांचं ते फळ. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. भाड्याच्या पैशांवर गाड्या चालतात, आणि बुडालेल्या प्रत्येक रकमेचा भार शेवटी भरणाऱ्यावरच पडतो. फुकट जाणाऱ्याकडे पाहून ‘मीच कशाला भरू’ असं वाटायला लागलं, की सार्वजनिक सेवा आतून पोखरते.

पण एवढ्यावर थांबलं तर अर्धाच हिशेब होतो. व्हीलचेअरवरचा माणूस कुणाची मदत न घेता किती स्थानकांवर आत जाऊ शकतो? किती गेट किती तास बंद असतात? झडप किती जणांना लागली? निम्म्या भाड्याचा हक्क असलेल्यांपैकी किती जणांना तो खरोखर मिळतो? आणि ज्या बसमध्ये सबवेपेक्षा जास्त पैसे बुडतात, जिथे गेट बसवताच येणार नाही, तिथे काय करणार? हे आकडेही दरवर्षी, भाड्याच्या आकड्यांशेजारी, त्याच टायपात छापले गेले पाहिजेत.

न्यूयॉर्कच्या सबवेत भाड्याची सर्वांत मोठी गळती त्या दारातून झाली, जे बॅगवाल्याला, आईला आणि व्हीलचेअरला आत घेणारी जवळपास एकमेव वाट होतं. त्यांच्यासाठी पहिल्यापासून हक्काचं रुंद गेट असतं, तर ते दुसरं दार दिवसभर इतक्या वेळा उघडलंच नसतं. गळती थांबवायचा रस्ता सोयीतून जातो. नवी गेट बसवणाऱ्या प्रत्येक शहराने, न्यूयॉर्कने आणि उद्या मुंबईनेही, कंत्राटाच्या पहिल्या पानावर हे लिहावं: हे गेट सगळ्यांना आत घेऊ शकलं पाहिजे. अडवायच्या अटी दुसऱ्या पानापासून सुरू व्हाव्यात.